लाटसाहेब

इथं अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, आमच्या शेजारी एक म्हातारा राहतो. अमेरिकन नव्हे, विलायतेचा इंग्रज. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढत न्यायचा तरी टाय लावतो, बूट चमकवतो. आमची ही त्याला पहिल्या आठवड्यातच लाटसाहेब म्हणायला लागली. कुंपणावरून सरळ हाक मारायची, "काय लाटसाहेब, झाला का चहा?" तो हात वर करून हलवायचा. त्याला वाटायचं, बाई रामराम करतेय.

मागच्या वर्षी ही गेली. मुलगा-सून ऑफिसात, नात कॉलेजात. म्हातारा रोज सकाळी आमच्या दारात येऊन उभा राहायला लागला आणि काठीनं रस्ता दाखवायला लागला, म्हणजे फिरायला चला. मी सातवी नापास, जन्म गेला एसटीच्या डेपोत फिटरकी करण्यात. माझं इंग्रजी येस-नोच्या पुढं जात नाही. तरी आम्ही तळ्यापर्यंत जायचो. दिवसभरात माझी वाट बघणारा तेवढा एकच माणूस होता.

रविवारी नात बरोबर यायची, तिच्यामुळं त्याची हकीकत कळली. बाप खरोखरचा लॉर्ड. वाडवडिलांची जमीन-हवेली थोरल्याला, हा तिसरा, म्हणून सैन्यात. विशीत अधिकारी झाला. जर्मनीत रणगाड्यांवर, मग एडन, मग आयर्लंड. तिथं याच्या जीपचा ड्रायव्हर याच्या शेजारीच गोळी लागून मेला. त्याच्या आईला सांगायला आपण स्वतः गेलो होतो, एवढं बोलला आणि तळ्यातली बदकं बघत बसला. कर्नल होऊन बाहेर पडला, अमेरिकन नर्सशी लग्न केलं, तिच्या गावाला आला. तीही गेली. बाप लॉर्ड होता हे इथं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मला हसू आलं. पण ते सांगायचं जिला, तीच नव्हती. गिळलं.

हिचं वर्षश्राद्ध जवळ आलं. मुलानं इथल्या मराठी मंडळातली माणसं बोलावली. म्हातारा म्हणाला, मलाही दोन शब्द बोलायचेत, बाईंनी मला नाव ठेवलं होतं, वेव्हसाहेब. मी नातीकडं बघितलं. तिनं कधीतरी फोनमध्ये शब्द शोधून त्याला सांगितलं होतं, लाट म्हणजे वेव्ह. इंग्रजीत समुद्राची लाटही वेव्ह आणि हात हलवणंही वेव्ह. आपण हात हलवतो म्हणून बाईंनी हे नाव ठेवलं, असं धरून तो खूश होता.

मराठी माणसांसमोर हे बोलला असता तर त्याचं हसं झालं असतं. आणि खरं काय ते त्याला सांगावं, तर माझा सोबती जायचा. तरी मी नातीला म्हटलं, "सांग त्याला. लाट म्हणजे लॉर्ड. फुकटचा तोरा मिरवणाऱ्याला आमच्यात लाटसाहेब म्हणतात. ती चेष्टा करायची."

"आबा, दॅट्स सो मीन."

"असू दे. सांग."

तिनं सांगितलं. त्यानं टायची गाठ चाचपली. म्हणाला, पलटणीत शिपाई पाठीमागं हेच म्हणायचे. मग विचारलं, हाकेत पुढं काय असायचं? नात म्हणाली, चहा झाला का. तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी दारात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी एकटा तळ्याकडं गेलो नाही.

श्राद्धाला पानं वाढत होते तेव्हा आला. तोच टाय, तेच बूट. हिच्या फोटोसमोर ताठ उभा राहून बोलला, आणि नातीनं मोडक्या मराठीत सांगितलं, "आर्मीत सगळे मला लाटसाहेब म्हणायचे, पण मागून. तोंडावर फक्त या म्हणाल्या. आणि यांनी चहाचं पण विचारलं."

लोक हसले. तोही हसला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

मंगळवारी तो कचऱ्याचा डबा ओढत निघाला. ही गेल्यापासून त्या कुंपणावरून कुणी हाक मारली नव्हती. मी मारली.

"काय लाटसाहेब, झाला का चहा?"

या वेळी त्यानं हात हलवला नाही. थांबला, मान हलवून नाही म्हणाला. मी आत जाऊन आधण ठेवलं.