पुकारा

कोर्टात पुकारा झाला आणि मी उभा राहिलो.

नाव नीट ऐकू आलं नव्हतं. आडनाव तेवढं आलं. माझंच. मी मोठ्यानं म्हणालो, "हजर!"

अंगात पांढरा शर्ट, हातात वकीलसाहेबांच्या फायली. मी धाराशिवला वकिलीचं शिकतो. आरोपी दुसराच होता.

सगळे हसले. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होतो ते वकीलसाहेब शेजारच्याला म्हणाले, "रक्तातच हाय ह्यांच्या. पुकारा झाला की उभं ऱ्हायचं."

मीही हसलो. हे लिहायला जड जातंय. पण हसलो.

आम्ही पारधी. वस्तीत सगळ्यांचं आडनाव एकच. वडिलांना कमी ऐकू यायचं, म्हणून तारखेला ते मला सोबत आणायचे. पुकारा मी ऐकायचो. 'हजर' मी ओरडायचो आणि त्यांना पुढं ढकलायचो. शाळेतल्या हजेरीआधी मी ही हजेरी शिकलो.

वडील दरवेळी गुन्हा कबूल करायचे. वकील सांगायचे, कबूल केलं की आजच घरी. ते घरी यायचेही. मग कुठंही चोरी झाली की पोलीस जुना कागद काढायचे. यानं आधी कबूल केलंय. उचला.

मी उभा राहिलो त्या दिवशी न्यायाधीशांनी त्या आरोपीचं प्रकरण जेवणानंतर ठेवलं. त्याचे वकील आमचे साहेबच. ते मला म्हणाले, "जा, तुझ्या भाषेत सांग त्याला. कबूल कर म्हणावं. भोगली तेवढीच शिक्षा हुईल. मलाबी लवकर निघायचंय."

तो व्हरांड्यात पोलिसाशेजारी उकिडवा बसला होता. लोहाऱ्याकडचा. वडिलांच्या वयाचा.

"मामा, केलंय का तुमी?"

"न्हाय रं. म्या ऊसतोडीला हुतो. अख्खी टोळी हुती संगं."

"साहेबांना सांगितलं?"

"त्यांनी इचारलंच न्हाय."

'कबूल करा' हे शब्द तोंडात तयार होते. वडिलांच्या कानाशी ते मीच किती वेळा ओरडलो होतो. वकील हळू बोलायचे ना.

मी म्हणालो, "मग कबूल करू नका. आत हेच सांगा."

"घरी कवा जाईन?"

"माहीत नाही, मामा."

तो उठला. मग आत जाऊन म्हणाला, "मला कबूल न्हाय. म्या ऊस तोडत हुतो."

त्याला परत जेलमध्ये नेलं. वकीलसाहेबांनी माझ्या हातातल्या फायली काढून घेतल्या. "लई मोठा वकील झालास. उद्यापासून यिऊ नको."

गेटजवळ त्याची बायको उभी होती. मला वाटलं, ही तरी चार शब्द बरे बोलेल. ती बोलली. "ह्यो शिकला, अन् माझा माणूस आत ठिवला."

स्टँडपर्यंत एकटाच चालत गेलो. वकिलांच्यातला राहिलो नव्हतो. आपल्या माणसांनीही तोंड फिरवलं होतं.

मी बरोबर केलं का? अजून नीट सांगता येत नाही. तो आत आहे आणि मी बाहेर बसून हे लिहितोय.

पण टोळीच्या मुकादमाचं गाव मी शोधलंय. रविवारी जाणार आहे. कोर्टात येऊन खरं सांगा म्हणणार. नाही म्हणाला, तर पुढच्या रविवारी परत जाणार.

सनद मिळायला अजून दोन वर्षं आहेत. मिळाली की मी फौजदारीच करणार. आधी विचारणार, केलंय का. मग ऐकणार.

आणि पुकारा झाला की उभा राहणार. हसतील ते हसोत. मी हसणार नाही.