ताईने मागवलेलं नाणं

कवळीवाल्यांची ताई गेली, त्याला महिना झाला होता. भेटायला येणारे म्हणत, "एकदा रडून मोकळे व्हा." कवळीवाले मान डोलावत. रडू काही येत नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, लोकांच्या कवळ्या वेळेवर तयार होत होत्या. आत मात्र सुई टोचलेल्या हिरडीसारखं सगळं बधिर.

बहीणभाऊ दोघंही बिनलग्नाचे, एकाच घरात म्हातारे झालेले. नादही एकच, रोमन साम्राज्याची चांदीची नाणी. नाणं तोलायचं, भिंगाखाली कडा तपासायची, ओतीव नकली तर नाही ना ते बघायचं, हे काम त्यांचं. अक्षरं ताईची. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली ती. झिजलेली अर्धी ओळ पाहून उरलेली अर्धी सांगे. "तुला दात कळतात, मला हे दातओठ खाणारे सम्राट," म्हणे.

मंगळवारी टपालाने पाकीट आलं. आजारी पडण्याआधी तिनेच मागवलेलं. त्यांनी ते कामाच्या टेबलावर फोडलं. वजन तीन ग्रॅमच्या थोडं वर. चांदी चोख, पुढे सम्राटांनी तांबं मिसळत मिसळत ती नावापुरती ठेवली, त्याआधीची. एका बाजूला दाढीवाला चेहरा, दुसरीकडे तराजू धरलेली बाई. अक्षरं निम्मी काठाबाहेर गेलेली.

तेवढ्यात नाणेवाल्याचा फोन आला. "ताईंना मिळालं ना? कुणाचं आहे म्हणतात?"

"बघतो," ते म्हणाले.

चार संध्याकाळी ते ताईची वही घेऊन बसले. एक शब्द काही केल्या लागेना. वहीच्या समासात त्यांच्यासाठीच लिहिलेलं सापडलं: 'अरे, हे लोक यूच्या जागी व्ही खोदतात. किती वेळा सांगू?' मग 'पायस' लागलं. अँटोनायनस पायस. तराजूवाली म्हणजे रास्त मापाची देवता. आता आनंद व्हायला हवा, असं वाटून ते थोडं थांबले. झाला नाही.

त्यांनी फोन लावून सांगितलं.

"वा! ताईंची नजर ती नजर. द्या जरा त्यांच्याकडे."

"ताई गेली. महिना झाला."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"सुचलं नाही."

"आणि हे वाचलं कुणी?"

"मीच."

फोन ठेवून त्यांनी नाण्याची चिठ्ठी लिहिली. वजन, सम्राट, देवता. 'ओळख पटवणारे' या रकान्यात कुणाचं नाव घालावं ते ठरेना. तो तसाच सोडून त्यांनी नाणं खणात सरकवलं आणि चहा टाकायला उठले.