हिंगाच्या डबीतला ठिपका

आता काय सांगू तुम्हाला… नाही, आधी चहा सांगा, मग मी सांगतो. आणि कुणाला हिंगाचा वास येतोय का? येत असेल तर भजीवाल्याकडे बघू नका. तो माझ्या खिशातून येतोय. का येतोय, तेच तर सांगायचंय!

मागे भाचीच्या लग्नाला आम्ही इंदूरहून विमानाने पुण्याला गेलो होतो. तिथे शैलाची, म्हणजे आमच्या बायकोची, बॅग जी हरवली ती हरवलीच. बॅगेत तिचा शालू होता. बिचारी अख्खं लग्न माझ्या बहिणीच्या साडीत आणि बहिणीच्याच ब्लाउजमध्ये वावरली. आता माझी बहीण केवढी आणि शैला केवढी, दोघींनाही तुम्ही पाहिलंय. लग्नाचा एकही फोटो असा नाही, ज्यात शैलाने एका हाताने खांदा धरून ठेवलेला नाही.

परत आल्यावर तिने जाहीर केलं, "यापुढे मी विमानात पाय ठेवणार नाही!"

मीही जाहीर केलं, "हरवलेली बॅग शोधणारं यंत्र मी बनवीन! आणि असं स्वस्त, की कुणालाही परवडेल!"

का नाही बनवणार? सिमरोल रोडच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो मी, काय समजलात?

आतलं सगळं जमलं. जागा सांगणारी चिप, सिमकार्ड, बॅटरी. बॅग जिथे असेल तिथे फोनच्या नकाशावर लाल ठिपका दिसणार. फोनवर बटण दाबलं की बॅगेतलं यंत्र पीं-पीं ओरडणार. अडलं कुठे, तर खोक्यावर! स्वस्तातलं खोकं मिळेना. एक दिवस स्वयंपाकघरात शैलाची हिंगाची रिकामी डबी दिसली. टाकलं आत सगळं, अगदी मापात बसलं!

फक्त वास काही जाईना. साबण झाला, लिंबू झालं, उन्हात ठेवून झालं. ज्या बॅगेत ती डबी ठेवावी, त्यातल्या बनियनलासुद्धा फोडणी दिल्यासारखा वास.

आमचे प्रिन्सिपल चौबेजी वासाला कंटाळले होते की मला, ते सांगता येत नाही. एक दिवस केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "देखो मुळेजी, पुणे से कानिटकर मैडम आ री हैं. उनकी कंपनी ऐसी ही चीजें बनाती है. उनको जम गया तो आपकी डब्बी बाजार में. नी जमा, तो भिया, आपकी लैब में मैं टूटी बेंचें रखवा दूँगा."

माझी लॅब! आणि मोडकी बाकं!

म्हटलं, खऱ्या विमानात चाचणी करू. पुण्यात पुतण्याची मुंज होतीच. शैलाने घरातूनच अक्षता पाठवल्या, मी डबी बॅगेत टाकून एकटाच गेलो. आणि मॅडम कॉलेजला यायच्या आदल्या दुपारी इंदूरला परत उतरलो.

आता इथे नीट लक्ष द्या. माझी बॅग निळी. हँडलला खजरान्याचा लाल नाडा. आपल्याकडे पद्धतच आहे ना, नवी गाडी, नवा फ्रिज, नवी बॅग, काहीही आणलं की आधी खजरान्याच्या गणपतीला दाखवायचं, नाडा बांधायचा, मग वापरायचं. तर बेल्टवर निळी बॅग आली, लाल नाडा दिसला, उचलली! टॅग फाडला, कचरापेटीत टाकला आणि सरळ टिळकनगरला घरी.

घरी आल्यावर शैलासमोर ऐटीत फोन काढला. "हे बघ. आता ठिपका आपल्या घरावर असेल."

ठिपका होता अन्नपूर्णेला!

म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बॅग माझ्या पायाशी आणि ठिपका अन्नपूर्णेच्या एका गल्लीत, ढिम्म! फोन बंद केला, चालू केला. ठिपका तिथेच. बटण दाबलं. बॅगेतून चूं नाही की चां नाही! पुन्हा दाबलं. पुन्हा शांतता. म्हणजे जागाही चुकली आणि आवाजही गेला? उद्या मॅडम येणार, आणि आज हे?

उघडून बघावं, तर कुलूपही उघडेना. माझा नंबर लावला, तरी नाही. म्हटलं, ह्या विमानवाल्यांनी बॅग आपटली असणार. कुलूप बिघडलं, डबी बिघडली, सगळंच बिघडलं!

शैला बॅगेजवळ आली, वाकली, आणि नाक वर करून म्हणाली, "अहो, हिला हिंगाचा वास येत नाही."

"आपटल्यामुळे उडाला असेल!"

"वास? आपटल्यामुळे?"

"शैला, इथे माझी लॅब चाललीय आणि तुला वासाचं पडलंय!"

नाही नाही, हसू नका. तुम्ही काय केलं असतंत? समोर बॅग दिसतेय, तिच्यावर नाडा दिसतोय. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की हिंगाच्या डबीवर?

त्यात भरीस भर म्हणून एका अनोळखी नंबरावरून सारखा फोन. "हॅलो सर, मैं—"

"लोन नी चाहिए, भिया!" कट.

पुन्हा तोच. "सर, आप एक मिनट—"

"कार्ड भी नी चाहिए!" कट. नंबरच ब्लॉक करून टाकला.

आणि मग मी ते केलं, जे जगातल्या कुठल्याही शहाण्या इंजिनिअरने केलं नसतं. संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसलो आणि प्रोग्रॅमच सुधारला. म्हणजे डबी जी जागा सांगेल, ती तेवढी पूर्वेला सरकवून दाखवायची. किती? तर अन्नपूर्णा ते टिळकनगर! मधून मधून बटणही दाबत होतो, न जाणो, आवाज आला तर. आवाज आला नाही, पण ठिपका मात्र सरकत सरकत बरोब्बर आमच्या घरावर येऊन बसला.

"आला!" मी ओरडलो.

शैला म्हणाली, "आला नाही, तुम्ही आणलात."

दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन कॉलेज गाठलं. बॅग टेबलावर, फोनचा नकाशा प्रोजेक्टरने भिंतीवर. मॅडमचा निरोप आला होता, "सामानाचा थोडा घोळ झालाय, जरा उशीर होईल." चौबेजी म्हणाले, "तब तक मेरे को दिखाओ."

भिंतीवर ठिपका. टिळकनगर. माझं घर.

चौबेजींनी बॅगेकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. "मुळेजी, बैग तो इधर है."

"सर, नेटवर्क जरा स्लो आहे. येईलच तो मागून."

"पैदल आ रिया है क्या?"

तेवढ्यात ठिपका हलला. मला हायसं वाटलं, पण एवढंसंच. कारण तो कॉलेजकडे येईना! रस्त्यावरसुद्धा राहीना. घरांवरून, गच्चीवरून, पाण्याच्या टाकीवरून सुसाट निघाला. वळणं घेतोय, सिग्नलला थांबल्यासारखा थांबतोय, पण थांबतोय कुठे, तर एका शाळेच्या छपरावर!

चौबेजी खुर्चीतून उठले. "ये उड़ रिया है क्या?"

शेवटी घरी फोन लावला. "शैला, घरात कुणी शिरलंय का? काही उचलून नेतंय का कुणी?"

"मी एकटी आहे. कुकर लावलाय."

"मग आपल्या घरून निघालं कोण?"

"तुम्ही निघालात की सकाळी. विसरलात?" ती खरोखर घाबरली. "अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

ठिपका शहर ओलांडून नेमावर रोडकडच्या एका शेताच्या मधोमध जाऊन थांबला. गप्पकन. चौबेजी माझ्याकडे बघत होते ते असे, की मला मोडक्या बाकांचा आवाज ऐकू यायला लागला.

आणि दार उघडून कानिटकर मॅडम आत आल्या.

अंगात कुणाचा तरी भलताच मोठा ड्रेस. एका हाताने ओढणी सावरतायत, दुसऱ्या हाताने खांदा धरलाय. मला शैलाचे ते फोटो आठवले. "सॉरी हं, माझी बॅग काल एअरपोर्टवर—"

आणि त्या थांबल्या. टेबलाकडे बोट करून म्हणाल्या, "ही इथे कशी आली?"

"ही माझी," मी म्हटलं.

मॅडम पुढे आल्या, कुलपाचे आकडे फिरवले. कट्! रात्रभर माझ्या बापाला न उघडलेलं कुलूप! वर घडी केलेली शेवाळी साडी, खाली बाकरवड्यांचे पुडे.

सांगतो तुम्हाला, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आधी धावत जाऊन आत उडी मारली असती. पुण्याहून मॅडम आल्या हरवलेल्या बॅगा शोधणारं यंत्र बघायला, आणि त्यांची बॅग घेऊन उभा मीच!

"मॅडम, पण नाडा…" मी कसाबसा म्हणालो. "खजरान्याचा…"

"मग? माझं माहेर अन्नपूर्णेचं आहे. माझ्या आईने बांधलाय."

अन्नपूर्णा! माझ्या डोक्यात काहीतरी खाडकन वाजलं. हात आपोआप फोनकडे गेला. बटण दाबलं.

खिडकीखालून आवाज आला, पीं-पीं! पीं-पीं! आणि पाठोपाठ मॅडमच्या ड्रायव्हरचा, "मैडम, वो बैग डिक्की में फिर चिल्ला री है!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "म्हणजे ती हिंगाची डबी तुमची?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"अहो, बेल्टवर शेवटी एकच निळी बॅग उरली होती, मीही ती माझी म्हणून उचलली. घरी बघते तर कुलूप लावलेलंच नाही, आणि आत बनियन! आणि त्यात ही डबी. बघितल्याबरोबर कळलं, कुणीतरी फार डोकं चालवून बनवलंय. टॅगवरचं नाव पुसलं गेलं होतं, नुसता नंबर एअरलाइनला कळवला, ते म्हणाले, ते गृहस्थ फोन कट करतात. म्हटलं, असू दे. ज्याची डबी आहे, तो फोनवर बघून स्वतःच धावत येईल. संध्याकाळभर डबी थांबून थांबून ओरडत होती. आई रामरक्षा म्हणत होती, पण तिलाही म्हटलं, घाबरू नकोस, तो शोधतोय, येईलच. तिने तुमच्यासाठी पोहे झाकून ठेवले होते. आणि तुम्ही आलाच नाहीत! मला वाटलं, चांगली वस्तू, पण चालत नाही. तुम्हाला आम्ही दिसत नव्हतो का?"

"दिसत होतात," मी म्हटलं. "म्हणूनच तर…"

आणि मग सगळं सांगावं लागलं. प्रोग्रॅम, अन्नपूर्णा ते टिळकनगर, डबी खाली गाडीत असताना ठिपका तेवढाच पूर्वेला सरकून शेतात का बसला, सगळं. मॅडमनी भिंतीवरच्या शेताकडे बघितलं. "म्हणजे बिचारा ठिपका खरं सांगत होता, आणि तुम्ही त्याला धरून खोटं बोलायला लावलंत?"

चौबेजींनी कपाळावर हात मारून घेतला.

मॅडम इतक्या हसल्या की दोन्ही हातांनी खांदे धरावे लागले. मग म्हणाल्या, "यंत्र पास! आम्ही करतो तयार. एकच अट आहे. प्रोग्रॅमला मुळे सरांनी हात लावायचा नाही. आणि डबी हिंगाची नको."

लॅब वाचली हो! पुढच्या महिन्यात शैलासुद्धा विमानाने माहेरी चाललीय, बॅगेत नवं यंत्र टाकून. वास नसलेलं.

मग ही जुनी डबी माझ्या खिशात काय करतेय? अहो, शैलाने टाकलीय! म्हणाली, "दुसऱ्याची बॅग घरी आणता, उद्या स्वतः दुसऱ्याच्या घरी जाल." आता ठिपका तिच्या फोनवर असतो. डॉक्टरांनी माझी भजी बंद केलीत ना. परवा असाच इथे बसलो होतो, तर तिचा फोन. म्हटलं, "मी लायब्ररीत आहे. ठिपका चुकतोय, आपटला असेल."

ती म्हणाली, "ठिपका चुकतो की तुम्ही, ते अख्ख्या इंदूरला माहीत आहे."

…पीं-पीं! पीं-पीं!

ऐकलंत? ती भज्यांची प्लेट जरा तुमच्याकडे सरकवा बरं.