नऊ चुली

"म्हणजे तू तिथल्या तिथं हो म्हणून मोकळी झालीस." तेजसचा आवाज आता स्वयंपाकघराबाहेर जाऊ लागला होता. "चार महिने. घरात कुणाला विचारायचं नाही?"

त्याच्या आईनं, मालनबाईंनी, गवार निवडणं थांबवलं नाही. "तुमी समदे तिथंच होता की. फोटो काढत."

ते खरंच होतं. रविवारी पुण्यातल्या धायरीहून सगळं घर करंजखोलला गेलं होतं. वेल्ह्याच्या डोंगरातली ही वाडी म्हणजे मालनबाईंचं सासर. रस्ता नाही, शाळा नाही, म्हणून एकेक घर कुलूप लावून पुण्याकडे उतरलं. सोळा वर्षांपूर्वी मालनबाईंच्या नवऱ्यानं, ज्ञानदेवांनी, शेवटचं कुलूप लावलं. आता रस्ता झाला होता आणि एका कंपनीनं अख्खी वाडी भाड्यानं घेतली होती. पडलेल्या घरांपैकी नऊ त्यांनी पुन्हा उभी केली होती. दिवाळीत तिथं हॉटेल सुरू व्हायचं होतं. लोक जंगल बघायला, पक्षी ऐकायला येणार. पाहुण्यांच्या कार्यक्रमात 'झऱ्यावरून पाणी आणणे' असंही लिहिलेलं होतं. तेजसनं ते वाचून दाखवलं तेव्हा मालनबाईंना हसू आवरेना. बावीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, दिवसाला दहा हंडे.

आपल्या घरात शिरल्यावर मात्र त्यांनी आधी भिंतीला हात लावून पाहिला. भिंती तशाच शेणामातीच्या, वर नवे वासे, नवी कौलं. कोपऱ्यात चूलही होती, गेरूनं रंगवलेली, आणि तिच्यात वाळकी फुलं खोचलेला पितळी तांब्या. घरं बांधून घेणारी आर्किटेक्ट राजनंदिनी तिशीची, पायांत बूट. ही चूल पेटवतं कोण, असं मालनबाईंनी तिला विचारलं. कोणी नाही, ती नुसती बघायला आहे, असं ती म्हणाली. आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात काम बंद, घरांना कुलपं.

मालनबाईंनी वर पाहिलं, मग खाली. वाशांच्या बरोबर खाली, नव्याकोऱ्या जमिनीवर, पिवळ्या भुशाची बारीक रेघ पडली होती. त्यांनी तांब्या बाजूला ठेवला, बाहेरून चार काटक्या आणल्या आणि चूल पेटवली.

पुढचं तेजस आल्यागेल्याला सांगत होता. खोलीभर धूर, आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावलेला वॉचमन, इकडेतिकडे पळणारे कंपनीचे लोक. त्यात त्याला लाज तेवढी दिसली. वरून टपटप पडलेले काळे भुंगे त्यानं पाहिले नव्हते. राजनंदिनीनं पाहिले. ती खोकत खोकत मालनबाईंच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिनं वही काढली.

धुरानं वासे टिकतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. चार महिने चूल थंड राहिली की भुंगा वासा आतून पोखरतो. वाडीतली घरं पावसानं पडली असं सगळे म्हणतात. ती पडली चुली विझल्यानं. कोणतं लाकूड, किती वेळ, दार उघडं की लोटलेलं, हे सगळं तिनं लिहून घेतलं. शेवटी तिनं विचारलं की रोज नऊ घरांतून फिरून हे करेल असं माणूस कुठं मिळेल. मालनबाई म्हणाल्या, "मी हाय की."

धायरीच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून मालनबाईंचं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं. इथं गॅस बटणानं पेटत होता, कपडे मशीन धूत होतं, आणि मिक्सरला हात लावू नका असं त्यांना दोनदा सांगून झालं होतं. रविवारपासून त्यांना नीट झोप नव्हती. पडल्या पडल्या त्या घरांचा क्रम लावत होत्या. आधी वरच्या अंगाची तीन, मग देवळापाशी चार, झऱ्याकडची दोन दुपारी. सरपण मृगाआधी ओसरीवर रचायला हवं, नाहीतर सगळी मेहनत वाया.

"डॉक्टरांनी धूर बंद सांगितलाय," तेजसनं हुकमाचं पान टाकलं.

"तवा भाकरी थापेस्तोवर उठता येत न्हवतं. आता पेटवायची आन भायेर येऊन बसायचं."

ज्ञानदेव पेपरमागून म्हणाले, "गॅस घ्या गॅस घ्या म्हणून माझा जीव खाल्ला. आता हिला नऊ चुली हव्यात."

"त्या एकीवर पाच मानसांचं रांधायचं होतं. ह्या नवांवर कुनाचंच न्हाई," मालनबाई म्हणाल्या.

ज्ञानदेवांचा पेपर हलला. ते हसत असावेत.

तेजसनं मोबाइल उचलला. आई येणार नाही, असं तो राजनंदिनीला कळवणार होता. त्यानं नंबर काढला, पण लावला नाही. तो बायकोकडे बघत राहिला.

पूर्णिमा इतका वेळ ओट्याशी डबे भरत होती. तिला सकाळी सात दहाला हिंजवडीची कंपनीची बस गाठायची असे. आठला मुलीला शाळेच्या रिक्षात बसवायचं आणि एकला उतरवून घ्यायचं, ते मालनबाईंकडे होतं. आजीवाचून सगळं अडणार होतं ते हिचंच. तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"आई, तुम्ही गेल्यावर रिक्षापाशी उभं कोण राहणार?"

जायचं की नाही, असं तिनं विचारलं नव्हतं. मालनबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं, पण चेहरा त्यांनी साधाच ठेवला.

"बाबा राहतील. तुमचे पत्ते साडेआठला सुरू करा म्हनावं. दुपारी एकला यायचं, पोरीला जेवू घालायचं." गवारीची परात त्यांनी पूर्णिमापुढे सरकवली. "मी सोमवारी सकाळच्या गाडीनं करंजखोलला चालले. दसऱ्याला येईन."