श्रावणात मासे खाणाऱ्या कोंबड्या

अन्याय झाला तो मुदखेडच्या बाजारात सुके बोंबील विकणाऱ्या एका बाईवर. झाला यंदा, पोळ्याच्या करीला, भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. करणाऱ्यांत माझ्या घरची माणसं होती, म्हणून लिहिते.

या बाईला आम्ही सगळे मावशीच म्हणतो. कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. श्रावण सुटतो, अंगणात तीन दगडांची चूल पेटते, कारण मासळीची कढई आमच्याकडे घरातल्या चुलीवर चढत नाही. श्रावणभर मावशीकडे कुत्रं फिरकत नाही. तिची सगळी भिस्त या एका दिवसावर.

यंदा तिनं पोतं सोडलं आणि आतून काड्या निघाल्या. चांगला बोंबील वीतभर असतो. हे काडेपेटीतल्या काडीएवढे, मधे वाळू आणि खेकड्यांच्या नांग्या.

माझ्या काकूनं मूठभर उचलून सगळ्यांना दाखवले. "हे बोंबील हायेत का दात कोरायच्या काड्या?"

"वरूनच असे आले बाई. मी काय कापून आणले का?"

"मागच्या साली तर बरे लांब होते. सणासुदीचं लुटायला बसलीस व्हय?"

बाया हसल्या. एकीनं घेतलेले बोंबील परत पोत्यात ओतले, मग दुसरीनं. मावशी भांडली नाही. तिनं समुद्राकडच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि सगळ्यांनी ऐकावं म्हणून स्पीकरवर धरला. तो म्हणाला, "मोठा माल समुद्रात राहिलाच नाही. बारीक सगळा कोंबडीखाद्यवाले उचलतात. तुम्हाला हे तरी मिळालं." फोन संपला तेव्हा समोर मी सोडून कुणी उभं नव्हतं.

कोंबडीखाद्य म्हटल्यावर मला काकांची शेड आठवली. दुसऱ्या दिवशी गेले. काका खाद्य घरीच मिसळतात: मका, सोयाबीनची पेंड, सुकी मासळी. मासळीचं पोतं उघडलं आणि हात आत घातला. वासाचं सोडा, वासाची सवय होते. आत रुपयाएवढे पापलेट होते, डोळ्यांसकट. नखाएवढे खेकडे. करंगळीएवढी कसली कसली पिल्लं, ओल धरून एकमेकांना चिकटून लगदा झालेली, आणि त्या लगद्यात अळ्या. हाताला खवले चिकटले ते साबणानंही निघेनात.

"काका, हे श्रावणातबी चालू होतं?"

"हाव. मग उपाशी ठेवू का?"

"तुम्ही तर श्रावणात कांदा-लसूणसुद्धा सोडता."

"मी सोडतो ना. कोंबडीला कशाचा आलाय श्रावण?" ते स्वतःच हसले. "आन् तू कामून समुद्राची उठाठेव करून राहिली? इथून समुद्र हाय तरी का जवळ?"

खरी किळस तिथे आली. आमच्या गावाला वाटतं, महिनाभर मासा तोंडात घातला नाही म्हणजे त्याला जीवदान दिलं. कुठलं जीवदान? मक्यात मिसळला, अंडी करून विकला.

ट्रॉलरचं, म्हणजे मासे धरायच्या मोठ्या यांत्रिक बोटीचं, जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं. जाळ्याची भोकं मोठी असली तर पिल्लं निसटतात, वाढतात, अंडी घालतात. भोकं मच्छरदाणीसारखी असली तर सगळंच वर येतं. एरवी या बारक्या मालाला कोण विचारतं? पण पोल्ट्रीला तो लागतो, त्याला भाव आला, आणि बोटवाले पिल्लं मुद्दाम धरायला लागले. एकदाही अंडी न घातलेला मासा मारला तर पुढच्या साली मासा येणार कुठून? त्याच्यावर जगणारा मोठा मासाही उपाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवली म्हणून सरकार स्वतःची पाठ थोपटून घेतं. जाळ्याच्या मापाचे नियम आहेत, किती लहान मासा धरायचा नाही याचेही आहेत. बंदरावर टोपली उलटी करून बघणार कोण? आणि न बघणाऱ्याला जाब विचारणार कोण, आम्ही? आम्ही तर गिऱ्हाईक.

काकूला हे सगळं सांगितलं. "असंल," म्हणाली, "पण तिनं आधी सांगायचं की मग." तिनं सांगितलं होतं. भर बाजारात, फोन हातात धरून.

पुढच्या बाजारी मावशी आली नाही. तिच्या जागेवर मोबाईलची कव्हरं लागली होती. तिच्या घरी गेले तर ती मजुरीनं मूग तोडायला निघालेली.

"मावशी, पुढच्या बाजारी बसतीस का?"

"काय घेऊन बसू? माल हाय का कुठं? काड्या घेऊन बसले तर पुन्हा तुझीच काकू येती."

 याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. तुमच्या शेडमध्ये जा, भावाच्या, सासऱ्याच्या शेडमध्ये जा. मासळीचं पोतं जमिनीवर ओता. पिल्लं दिसली तर आलेल्या गाडीनं परत पाठवा आणि खाद्यवाल्याला तोंडावर सांगा, हे पुन्हा आणायचं नाही. पेंड वाढवा, कोंबड्या मरत नाहीत. शेड नसेल तर जिथून अंडी घेता तिथे विचारा, यांच्या कोंबड्या काय खातात. उत्तर मिळेपर्यंत अंडी घेऊ नका.