आठाण्याचं वजन

माझ्या जिभेला हाड नाही, असं माय म्हणायची. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट, आपण कोणाचं ऐकून घेत नाही हे मी चांगलं मिरवलं. शाळेतले हेडमास्तर मला टरकून असायचे, एसटीचा कंडक्टर सुट्टे पैसे मुकाट्यानं काढायचा. पण याच जिभेनं एकदा जे केलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी मंगरूळपीरला प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, स्टँडामागं एका खोलीत राहत होते. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. माय आसेगावला. धाकटा भाऊ मुंबईला, गाणी रेकॉर्ड करतात अशा एका स्टुडिओत वायरी उचलायला अन् झाडलोट करायला. आखाडात त्याला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली. तार आमच्यापर्यंत पोचली तोवर सोबतच्या पोरांनी त्याला अग्नी देऊनही झाला होता. बावीस वर्षांचं पोर. मायला त्याचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

ती रडली नाही. पुण्यानुमोदनाला सगळे जमले, त्रिसरण-पंचशील झालं, बाया गळ्यात पडून रडल्या, ही आपली कोरडी. पाहुण्यांसमोर म्हणाली, "म्या पाह्यला नाई त्याले. तुमी म्हनता तं म्हना." मी तिला माझ्याकडे आणलं. दिवसभर ती खोलीच्या दारात बसायची आणि मुंबईकडून येणारी गाडी कोणती ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. जेवायला दिलं तर दोन घास बाजूला काढून ठेवायची. ही बाई एकदा मोकळी रडली नाही तर डोक्यानं जाईल, एवढं मला कळत होतं.

मग त्याच्या खोलीवरचा एक सोबती त्याची पेटी घेऊन आला. दोन पँटी, एक स्टोव्ह, जर्मनची ताटली आणि एक मोठी रेकॉर्ड. ती रेकॉर्ड कशाची हे मला माहीत होतं, कारण उन्हाळ्यात त्यानं तसं पत्र लिहिलं होतं.

पत्राआधी डफड्याचं सांगते. गावाच्या वरातीपुढं अन् गावाच्या मढ्यापुढं डफडं वाजवणं हे आमच्या घराच्या वाट्याला आलेलं होतं. छप्पन साली बाबा दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी घरचं डफडं विहिरीत टाकून दिलं. त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. आणि नेमकं त्याच घरात हे पोर जन्मलं, ज्याचे हात गप्प बसत नव्हते. पिठाचा डबा घ्यायचा अन् काडीनं बडवत बसायचं. बाबांनी त्याला मारलं, डबा चेपून टाकला. तो चेपलेला डबा वाजवायचा. शेवटी नेहमी दोन ठोके जादा मारायचा. त्या दोन ठोक्यांचा अर्थ, माय, भाकर वाढ.

पत्रात लिहिलं होतं, 'इथं लांब केसांची पोरं इंग्रजी गाण्यांची रेकॉर्ड करून राह्यले. लयच कल्ला आहे, कान फाटते. पण एका गाण्यात मधात सगळं बंद होते अन् मी एकटा डफडं वाजवतो. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. मायले सांग, कोनाच्या मढ्यापुढं नाई वाजवलं.'

कव्हरवर चार पोरं एका पडक्या भिंतीला टेकून उभी होती, जगावर रुसल्यासारखी. त्या गाण्यांना हार्ड रॉक म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मायनं कव्हर पदरानं पुसलं आणि यात आपला कोणता असं विचारलं. मी मागची बाजू उलटून बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचलं. चौघांची नावं होती, फोटो काढणाऱ्याचं होतं, एका हॉटेलवाल्याचे आभारसुद्धा होते. आमच्या पोराचं नाव नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मायला मी म्हटलं, "याच्यात तोंड नाई त्याचं. हात आहे." ती म्हणाली, "मंग हातच आयकव मले."

दर्ग्याच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या चाचाचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे त्याचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन रिकामंच होतं. शाळा सुटल्यावर मी मायला घेऊन गेले. चाचानं सगळं ऐकून घेतलं, मायला बसायला खुर्ची दिली, सुईवर फुंकर मारली आणि तिसऱ्या गाण्यावर अलगद ठेवली.

काय तो आवाज! पत्रे ओढत न्यावेत तशी गिटार, त्यावर कोणीतरी नरडं फाटेस्तोवर ओरडत होतं. माय हलली नाही. मग एकदम सगळं थांबलं अन् डफडं सुरू झालं. चारेक ठोके पडले असतील, तोच सुई उडाली आणि सरळ पुढच्या कल्लोळात जाऊन पडली. पेटीत ताटलीखाली राहून रेकॉर्डवर चरा पडला होता, नेमका तिथंच. चाचानं तीनदा लावून पाहिलं. तिन्ही वेळा सुई उडाली. माय माझ्याकडे पाहत होती.

लग्नात नाचणाऱ्यांच्या धक्क्यानं सुई उडू नये म्हणून हे लोक सुईच्या दांडीवर नाणं ठेवून काळी चिकटपट्टी मारत. मी लहानपणापासून मांडवात पाहिलेलं होतं. मी म्हटलं, नाणं लावा. चाचा म्हणाला, "इसको नको बाई. ही लाँग प्ले आहे, हिची लकीर नाजूक असते. वजनानं सुई ती खोदून काढन. चार दिवस थांबा, अकोल्याहून नवी हलकी सुई मांगवतो."

आणि मी पेटले. आयुष्यभर ऐकलं होतं, तुमाले नको, तुमचं तिकडं ठेवा, तुमी थांबा. शाळेत माझा पाण्याचा पेला वेगळा होता. त्यात त्या कव्हरवर आमच्या पोराचं नाव नव्हतं. तो सगळा राग मी त्या एका माणसावर काढला, ज्यानं माझ्या मायला खुर्ची दिली होती. म्हटलं, "पाटलाच्या लग्नातल्या रेकार्डले नाणं चालते, अन् आमच्याच रेकार्डले काहून चालत नाई?"

चाचाचं तोंड उतरलं. खिशातून आठाण्याचं नाणं काढून त्यानं माझ्या हातात दिलं आणि नमाजाला निघून गेला. नाणं मी माझ्या हातानं लावलं.

सुई उडाली नाही. डफडं अखेरपर्यंत वाजलं आणि शेवटी, सगळा कल्ला पुन्हा सुरू व्हायच्या आत, दोन ठोके जादा. मायनं खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणाली, "त्याचाच हात व. भाकर मांगून राह्यला." त्या दिवशी तिनं ते सहा वेळा लावायला लावलं. रडली नाही, पण घरी येऊन जेवली. मला वाटलं, जिंकलो.

मग रोज जायला लागलो. चाचा आम्हाला पाहिलं की मशीन उघडून द्यायचा आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसायचा. आठवड्यानं आवाजात खरखर यायला लागली. मला वाटलं, नीट बसत नाही म्हणून खरखरते. मी दुसरं नाणं चढवलं. दोन दिवस बरं वाजल्यासारखं वाटलं. मग तिसरं चढवलं. चाचाकडे तेव्हा एकदा पाहिलं, तर तो रस्त्याकडे बघत होता. त्यानं काही म्हणावं असं मी त्याला ठेवलंच नव्हतं. सुईखालून राखेसारखी काळी भुकटी निघायची, ती मी रुमालानं पुसायची. ती काय होती ते मला समजायला नको? मी मास्तरीण होते.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी माय म्हणाली, "आज दोन ठोके नाई आले." मी म्हटलं, तुझं लक्ष नव्हतं. पुन्हा लावलं. नाही आले. अठराव्या दिवशी गिटार थांबली आणि तिथं डफडं नव्हतंच. तव्यावर पाणी टाकल्यासारखा नुसता आवाज. मी पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मायनं माझा हात धरला.

"राहू दे व," ती म्हणाली. "गेला माहा लेक."

आणि मग ती रडली. खुर्चीवरून खाली बसली, जमिनीवर हात आपटत, त्याचं नाव घेत रडली. चाचा धावत आत आला, त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला, कोणी आत डोकावू नये म्हणून. मला जे हवं होतं तेच झालं होतं. माय मोकळी झाली होती. मी मात्र त्या दांडीवरची तीन नाणी नखानं काढत होते, ती निघता निघत नव्हती.

माय त्यानंतर अकरा वर्षं जगली. चांगली जगली, शेतात जात होती, विहारात बसत होती. बायांना सांगायची, माहा लेक अठरा दिस मले भेटाले आला, मंग गेला. बाया डोळे पुसायच्या. मी तिथं असले तर खाली मान घालून काहीतरी निवडत बसायची. चाचाची माफी मागायला मी दोनदा त्या रस्त्यानं गेले आणि दोन्ही वेळा पुढं निघून गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानात त्याचा मुलगा बसला होता.

शेवटच्या आजारात माय माझ्याजवळच होती. एकदा भाकरीचा काला भरवत होते, तर तिनं तोंड बाजूला केलं आणि मला विचारलं, "अजून थोडे दिस काहून नसन थांबला व तो?"

मी पुढचा घास उचलला.