वाघ टाळणारा गाइड

किस्से काही शोधायला जावं लागत नाही हो. जंगलाच्या गेटावर खुर्ची टाकून बसा, गोचिडासारखे आपसूक चिकटतात! दोन हजार सालाच्या आगेमागे मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या अशाच एका गेटावर वनरक्षक होतो. मूळचा वरोऱ्याचा. शेतातल्या पऱ्हाटीपलीकडे, म्हणजे कपाशीपलीकडे, मी जंगल पाहिलेलं नव्हतं, म्हणूनच बहुधा मला तिथे टाकलं!

वरून हुकूम आला, गावातल्याच लोकांना गाइड करा. गावानं जंगलात गुरं नेणं अन् कुऱ्हाड चालवणं सोडलं होतं, त्याच्या बदल्यात हे काम. पण एकच हंगाम, चाचणी म्हणून. जमलं नाही तर शहरातून शिकलेले गाइड आणणार होते.

पहिल्या दिवशी ट्रेनिंगला आलेले साहेब म्हणाले, "लक्षात ठेवा, पर्यटक म्हणजे देव!"

मागून सीतारामभाऊ उठले. वय साठ, जन्म सगळा गुरं राखण्यात गेलेला. "सायेब, देव चिप्सचं पाकीट फेकते का?"

ट्रेनिंग तिथेच संपलं.

*

भाऊंना जंगलातलं सगळं माहीत होतं, फक्त जरा वेगळ्या अंगानं. एका बाईंनी दुर्बिणीतून बघत विचारलं, "अय्या, हा कोणता पक्षी?"

"रानकोंबडा, बाई. रस्सा पातळ ठेवा लागते."

बाईंनी पुढे दुर्बीणच उचलली नाही. मी भाऊंना बाजूला घेतलं. म्हटलं, ड्रेस घातलाय ना आता, जुनं सगळं विसरा. भाऊ शहाणे. दुसऱ्या फेरीत चितळांचा कळप दिसताच कोणी काही विचारायच्या आत हात जोडून मोकळे झाले, "हे चितळ. याच्याबद्दल मले कायच माईत नाई!"

*

पाहुण्यांच्या जेवणाचं काम गावातल्या बायांच्या बचत गटाकडे होतं, म्हणजे भाऊंच्या बायकोकडे, सिंधूबाईकडे. पुण्याची मंडळी येणार म्हणून बाईनं मूलच्या बाजारातून ब्रेड-जाम मागवला. शहरातल्या माणसाला आपला भात काय द्यायचा!

पाहुणे ब्रेडकडे बघतच बसले. एकजण म्हणाला, "मावशी, गावचं काही नाही का?"

"हाये ना. पण थे घरच्यायसाठी केलं."

मग काय! पुण्याच्या मंडळींनी चुलीपुढे बसून भात, अंबाडीची भाजी अन् जवसाची चटणी पातेलं खरवडून संपवली.

मी विचारलं, "अन् घरच्यांनी काय खाल्लं?"

"ब्रेड-जाम. झालं त्यायचं बी पर्यटन!"

*

महिना उलटला. सगळ्या गाइडांना वाघ दिसत होता, भाऊंच्या गाडीला एकदाही नाही. तक्रारी यायला लागल्या. शेवटी मीच त्यांच्या जिप्सीत मागे बसलो.

तळ्याजवळ वानर खाकरलं. म्हणजे जवळपास वाघ नक्की. भाऊ ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी मांगं घे."

"अहो भाऊ, वाघ तिकडे पुढे आहे!"

"म्हनूनच तं! पन्नास वर्सं असाच जिता राह्यलो ना मी."

हसून हसून पोट दुखलं माझं. मग ध्यानात आलं, की यादीतून पहिलं नाव यांचंच कटणार. गुरं त्यांनी केव्हाच विकली होती, परत जायला काही उरलं नव्हतं. वाईट वाटलं मला, खरंच वाटलं.

*

हंगाम संपताना निकाल द्यायला नागपूरहून मोठे साहेब आले. म्हणाले, "ज्याच्याविरुद्ध तक्रारी आहेत, तोच गाइड द्या."

मी भाऊंना बजावलं, "आज वानर खाकरलं की पुढे जायचं. पुढे!"

"हौ जी."

दोन तास काही दिसलं नाही. वानरही मुकाट. नाल्याच्या वळणावर साहेबांनी गाडी थांबवली. सकाळपासून चार चहा झाले होते. जंगलात गाडीतून उतरायचं नसतं, हा नियम. पण मोठ्या साहेबाला सांगणार कोण? मी आभाळ बघत बसलो. साहेब उतरले अन् बांबूच्या बेटाकडे तोंड करून पट्टा सोडायला लागले.

तेवढ्यात भाऊंनी खाली उडी मारली, साहेबांची कॉलर धरली, ओढत आणून गाडीत बसवलं अन् ड्रायव्हरला म्हणाले, "मांगं घे!"

"काय फाजीलपणा आहे हा!" साहेब लालबुंद. भाऊ गेट येईपर्यंत मागेच बघत राहिले. मी मनातल्या मनात शहरातल्या गाइडांचं स्वागत करून टाकलं.

गेटावर उतरल्यावर भाऊ हळूच म्हणाले, "होता तिथी. बांबूत बसून होता, दहा हातावर."

"अरे, मग दाखवायचा ना! त्यासाठीच तर आलोय मी!"

"सायेब, तुमचं ध्यान पट्ट्यात, त्याचं ध्यान तुमच्यात. मंग कोनाले कोन दाखवू?"

साहेब आधी ऑफिसमागे जाऊन आले. मग खुर्चीत बसून तांब्याभर पाणी प्यायले, पेन काढलं अन् कागदावर लिहिलं, "वाघ दिसला नाही. गाइड बदलू नये."